वीस टन माती आणि धानाची बांधी

तेन्झिन त्सेतेन चोकले यांचा ‘ब्रिंगिंग तिबेट होम’ हा २०१३ सालचा माहितीपट एका साध्या, पण वेड्या वाटणाऱ्या कल्पनेवर उभा आहे. तेन्झिंग रिग्दोल हे न्यूयॉर्कचे चित्रकार. त्यांचे वडील अमेरिकेत निर्वासित म्हणूनच वारले. मरण्याआधी एकदा तिबेट पाहायची त्यांची इच्छा राहून गेली. मुलानं ठरवलं, की माणूस मातीपर्यंत जाऊ शकत नसेल, तर माती माणसापर्यंत आणायची. वीस टन माती तिबेटातून निघाली, नेपाळमार्गे लपतछपत भारतात आली आणि ऑक्टोबर २०११मध्ये धरमशालेत एका मंचावर पसरली गेली. लोक तिच्यावर चालले, रडले, शेवटी मूठमूठ माती घरी घेऊन गेले.

माहितीपटाचं पहिलं यश म्हणजे तो या कल्पनेला भाषणबाजीपासून वाचवतो. बराच वेळ आपण फक्त एक व्यवहार पाहत असतो. माल कुठे अडला, कोण पोहोचवणार, किती दिवस लागणार, याचीच काळजी. मातीसारखी फुकटची वस्तू सीमेवर तस्करीचा माल होते, एवढ्यातच तिबेटच्या राजकारणाबद्दल बरंच काही सांगून होतं. म्हणून शेवटी एखादी म्हातारी त्या मातीवर पाऊल ठेवते, तेव्हा दिग्दर्शकाला वेगळं काही बोलावं लागत नाही.

पण मला महत्त्वाचे वाटतात ते पडद्यावर नसलेले वडील. निर्वासितांच्या प्रश्नाकडे जग ज्या नजरेनं पाहतं, त्या नजरेनं त्यांची गोष्ट सुफळ संपूर्ण झालेली होती. भारत-नेपाळमधून एका श्रीमंत, सुरक्षित देशात पोहोचणं, यालाच तर पुनर्वसन म्हणतात.

या पुनर्वसनाचा इतिहास मोठा आहे, आणि त्यात सामान्य माणसांनी पदरमोड करून केलेलं कामही आहे. स्वित्झर्लंडनं १९६३मध्ये एक हजार तिबेटींना घ्यायचं ठरवलं. अमेरिकेनं १९९०च्या कायद्यात भारत-नेपाळमधल्या तिबेटींसाठी एक हजार व्हिसा ठेवले. मात्र हे लोक कागदोपत्री निर्वासित नव्हते, स्थलांतरित होते. त्यामुळे निर्वासितांना मिळणारी सरकारी मदत त्यांना नव्हती. गावोगावच्या स्वयंसेवकांनी त्यांना घरी ठेवून घेतलं, नोकऱ्या शोधून दिल्या. घरातला एक जण आधी गेला, बायकामुलं काही वर्षांनी गेली. पुढे कॅनडानं अरुणाचल प्रदेशातल्या एक हजार तिबेटींसाठी योजना आणली. २०१३पासून ही माणसं तिकडे उतरू लागली आणि त्यांना उभं करण्याचा भार तिथल्या नागरिकांच्या गटांनी उचलला.

हे काम कमी लेखण्याचं कारण नाही. पण त्याची जी गोष्ट सांगितली जाते, ती बहुतेक वेळा विमानतळावर संपते. फुलं, फलक, कडकडून मिठी. तिचा नायक आणणारा असतो आणि आलेल्या कुटुंबाकडे कृतज्ञतेचं काम असतं. ‘ब्रिंगिंग तिबेट होम’ ही गोष्ट नेमकी त्या मिठीनंतर सुरू करतो. जीव वाचला, पोट भरलं, मुलं शिकली. तरी एक गोष्ट उरली, आणि ती कुणीही प्रायोजक देऊ शकत नव्हता. हे म्हणताना माहितीपट मदत करणाऱ्यांना कुठेही कमीपणा देत नाही. हा तोल दुर्मीळ आहे.

आता माझी तक्रार. या माहितीपटात खरी माती एकच आहे, तिबेटची. बाकी सगळी जमीन म्हणजे प्रतीक्षालय. धरमशालेतून असं दिसणं स्वाभाविक आहे. आमच्या भंडाऱ्यातून ते पटत नाही.

तिबेटी वसाहतींच्या यादीत ‘भंडारा’ हे नाव आजही आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात १९७२मध्ये नोर्ग्येलिंग वसाहत वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, वसाहत तिकडे गेली, पण निर्वासनाच्या नकाशावर ती भंडाऱ्याचीच राहिली. थंड पठारावरची माणसं झाडीपट्टीच्या उन्हात आली आणि धान पिकवायला शिकली. पावसाळ्यात बांध्या, रोवणी. हिवाळ्यात दूरच्या शहरांत स्वेटरचा धंदा. वीस टन माती धरमशालेत पोहोचली, तोवर नोर्ग्येलिंगची माणसं इथल्या चिखलात एकोणचाळीस वर्षं राबली होती. त्या चिखलाला या माहितीपटाच्या व्याख्येत जागा कुठे आहे? ज्यांचा जन्मच इथला, त्यांना बांधीतली माती आधी ओळखीची आणि तिबेटची नंतर. घर दोन ठिकाणी असू शकतं, ही अवघड शक्यता माहितीपट टाळतो.

ती टाळणं परवडणारं नाही, कारण याच शक्यतेवर कायदा अडलेला आहे. भारतानं १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. इथला तिबेटी कायद्याच्या भाषेत परदेशीच. त्यानं नोंदणी प्रमाणपत्र बाळगायचं, मुदतीत नवं करून घ्यायचं. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्याला नागरिकत्व कायद्यानुसार जन्मानंच नागरिकत्व मिळतं. तिबेटींनाही हे लागू आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयानं २०१०मध्ये सांगितलं. पण २०१७मध्ये पासपोर्टचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा वसाहतीतलं घर आणि निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडायच्या अटी पुढे आल्या. म्हणजे देश हवा तर गाव सोडा. बरेच जण निर्वासितच राहणं पसंत करतात, त्यामागे तिबेटवरचा हक्क सोडल्यासारखं वाटण्याची भीतीही आहे. ज्याला जमतं तो तिसऱ्या देशाची वाट धरतो. तरुण गेले की मागे म्हातारे आणि बांध्या.

म्हणूनच परदेशी पुनर्वसनाच्या गोड गोष्टींबद्दल मला सावध राहावंसं वाटतं. दूरच्या शहरातल्या चार कुटुंबांनी एका कुटुंबाला हात दिला, हे मोलाचंच. पण ते कुटुंब जिथून निघालं तिथे पन्नास वर्षं राहूनही ते पाहुणंच का होतं, हा प्रश्न त्या गोष्टीत मावत नाही. आणि तो प्रश्न आपल्याला उद्देशून आहे.

माझ्या क्षेत्रातली निम्मी बोलणी व्हिसाभोवती फिरतात. परदेशी गेलेला मराठी इंजिनिअरही गावाच्या आठवणीनं व्याकुळ होतो, त्यावर लिहितो, आणि आपण ते प्रेमानं वाचतो. त्याच्या खिशात परतीचा पासपोर्ट असतो. रिग्दोल यांच्या वडिलांकडे तो नव्हता. दोघांच्या दुःखाला आपण ‘गावची ओढ’ हा एकच शब्द वापरतो. हा माहितीपट पाहिल्यावर तो शब्द इतक्या सैलपणे वापरवत नाही, हे त्याचं मराठी प्रेक्षकावरचं ऋण.

सर्वांत चांगली कल्पना मात्र त्या मातीच्या शेवटातच आहे. ती स्मारक म्हणून तिथे ठेवली गेली नाही, वाटली गेली. ती घरोघरी गेल्यावर काय झालं असेल? कुणी देव्हाऱ्यात ठेवली असेल, कुणी कुंडीत घातली असेल. कुंडीत घालणाऱ्यानं ती इथल्या मातीत मिसळलीही असेल. त्या माणसावरचा माहितीपट अजून व्हायचा आहे, आणि तो करायला धरमशालेपर्यंत जायची गरज नाही. गोठणगावचा रस्ता पुरेल.