दात काढल्यानंतरचे जबड्याचे हाड : ‘जतन’ या संकल्पनेची चिकित्सा

दंतवैद्यकाच्या अलीकडील लेखनात ‘रिज प्रिझर्व्हेशन’ ही संज्ञा चांगलीच रुळली आहे. दात काढल्यावर रिकाम्या झालेल्या खोबणीत हाडाचे कण किंवा तत्सम द्रव्य भरावयाचे, त्यावर बहुधा कोलॅजेनचे पटल अंथरावयाचे आणि साधारणतः चार ते सहा महिन्यांनी त्या जागी इम्प्लांट बसवावयाचे, असे या उपचाराचे स्वरूप आहे. मराठीत त्याला हाडाचे ‘जतन’ म्हटले जाते. जतन या शब्दात आहे ते तसेच राखण्याचे आश्वासन आहे. उपलब्ध संशोधन हे आश्वासन कितपत पेलते, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

दात गेल्यावर हाड झिजते, याविषयी दुमत नाही. अ‍ॅटवुड यांनी १९७१ मध्ये या झिजेला मुखाच्या प्रमुख रोगांत स्थान द्यावे, असे प्रतिपादन केले. टॅल्ग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २५ वर्षांच्या निरीक्षणात, संपूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याच्या पुढील भागातील झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली. खालची कवळी टिकत नाही, या वृद्धांच्या नेहमीच्या तक्रारीचे एक मोठे कारण येथे सापडते. एकेका दाताच्या बाबतीत श्रॉप व सहकाऱ्यांचा २००३ चा अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. दाढा व उपदाढांच्या जागी बारा महिन्यांत कडेची रुंदी सरासरी १२ मि.मी. वरून ५.९ मि.मी. वर आली आणि यातील सुमारे दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली.

मात्र हे का घडते, याचे उत्तर मिळाल्यावर ‘जतन’ या शब्दाची अडचण सुरू होते. आराउजो व लिंडे यांनी २००५ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगात पहिल्या आठ आठवड्यांतील बदल सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. खोबणीच्या आतील बाजूस जे हाड असते, त्यातच दाताला बांधून ठेवणारे तंतू रुतलेले असतात. हे हाड दातासाठीच असते आणि दाताबरोबर त्याचे प्रयोजनही संपते. ओठांकडील भिंतीचा वरचा काठ बहुतांशी याच हाडाचा असल्याने ती भिंत प्रथम खचते. याच गटाच्या २००८ मधील प्रयोगात गोवंशीय हाडाचे कण खोबणीत भरले असता भिंतीची झीज थांबली नाही; मात्र भरलेल्या द्रव्याभोवती नवे हाड तयार होऊन आकारमानातील तूट, निदान काही काळ, भरून निघाली. म्हणजे जे घडते ते जतन नसून भरपाई होय. हा केवळ शब्दच्छल नव्हे. ‘तुमचे हाड वाचवतो’ आणि ‘हाड जाईल, त्या जागी दुसरे काही भरतो’ या दोन विधानांना रुग्ण एकच उत्तर देईल असे नाही.

या दृष्टीने आयासेला व सहकाऱ्यांचा २००३ चा अभ्यास पुन्हा बारकाईने वाचण्याजोगा आहे. २४ रुग्णांपैकी काहींच्या खोबणीत मानवी दात्याचे शीतशुष्क हाड भरून वर कोलॅजेनचे पटल घातले, तर उरलेल्यांचा केवळ दात काढला. पहिल्या गटात रुंदी ९.२ वरून ८ मि.मी. झाली, दुसऱ्यात ९.१ वरून ६.४ मि.मी. हा फरक नेहमी सांगितला जातो. त्याच निबंधातील ऊतिपरीक्षणाचे आकडे मात्र क्वचितच सांगितले जातात. भरलेल्या जागी एकूण हाड सुमारे ६५ टक्के आढळले खरे, पण त्यातील सजीव हाड २८ टक्केच होते. उरलेले ३७ टक्के म्हणजे भरलेल्या निर्जीव हाडाचे तुकडे. काहीही न भरलेल्या खोबणीत मात्र सुमारे ५४ टक्के सजीव हाड होते. क्ष-किरण चित्रात दोन्ही पांढरेच दिसते. इम्प्लांट ज्या हाडाशी एकजीव व्हावयाचा, ते कोणते, हा प्रश्न केवळ मि.मी. मोजून सुटत नाही.

मापांचाही प्रश्न आहेच. कोक्रेनच्या २०२१ च्या पुनरावलोकनात १६ यादृच्छिक चाचण्या व ४२६ रुग्ण समाविष्ट होते. प्राणिज हाड भरल्याने नुसता दात काढण्याच्या तुलनेत रुंदीची घट सरासरी १.१८ मि.मी. व उंचीची १.३५ मि.मी. कमी झाली, परंतु हा पुरावा अत्यंत अनिश्चित असल्याचे परीक्षकांनी स्पष्ट केले. इम्प्लांट निकामी होण्याच्या प्रमाणात किंवा अंतिम सौंदर्यात फरक पडतो, याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. रुग्णाला हवे असते ते चावता येणे, दिसणे आणि टिकणे. या तिन्हींऐवजी मि.मी. मोजणे सोपे, म्हणून तेच मोजले जाते, असा निष्कर्ष काढणे कठोर वाटेल. पण तो टाळणेही कठीण आहे.

तरीही उपचार निरर्थक ठरत नाही. शाप्वी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वरच्या जबड्यातील पुढील दातांच्या जागांची त्रिमितीय चित्रे तपासली. ओठांकडील भिंत १ मि.मी. किंवा त्याहून पातळ असेल तेथे आठ आठवड्यांत उंचीची मध्यक घट ७.५ मि.मी., तर जाड भिंतीच्या जागी केवळ १.१ मि.मी. होती. पुढील दातांच्या बहुसंख्य जागी ही भिंत पातळच असते, हे हुइन-बा व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखविले होते. तेव्हा हसताना दिसणारा वरचा दात, पातळ भिंत आणि इम्प्लांटचा निश्चित बेत, या स्थितीत खोबण भरण्यास सबळ आधार आहे. पण जाड भिंतीच्या दाढेची खोबण, तीही पुढे काढती कवळीच वापरणाऱ्या रुग्णाची, त्याच आधारावर भरणे हे तर्काला धरून नाही. सरासरी या दोन रुग्णांतील भेद पुसून टाकते. पहिल्या चित्रातच भिंतीची जाडी मोजून निर्णय करण्याची पद्धत म्हणूनच अधिक सयुक्तिक ठरते.

भारतीय संदर्भात आणखी एक बाजू आहे, आणि दंतवैद्यकाच्या निबंधांत ती जवळजवळ अनुल्लेखित राहते. ही द्रव्ये कोठून येतात? प्राणिज कण बहुधा गोवंशाच्या हाडाचे असतात, पटले पुष्कळदा डुकराच्या कोलॅजेनची. प्रक्रियेत सेंद्रिय अंश काढून टाकला, हे वैद्यकीय सुरक्षिततेचे उत्तर झाले. श्रद्धेच्या प्रश्नाचे नव्हे. हिंदू, जैन, मुस्लीम अशा निरनिराळ्या रुग्णांची हरकत निरनिराळ्या द्रव्याला असू शकते, काहींची कशालाच नसेल. पर्यायही आहेत : मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून किरणोत्साराने निर्जंतुक केलेली मानवी ऊतके पुरविते, कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम द्रव्ये उपलब्ध आहेत, आणि रुग्णाच्याच रक्तापासून तयार होणारे फायब्रिन, जे शुकरून यांनी २००१ मध्ये मांडले, ते तर परक्या द्रव्याविना चालते. यांतील प्रत्येकाचा पुरावा सारखा बळकट नाही, हेही सांगणे आले. संमतिपत्रात ‘बोन ग्राफ्ट’ एवढे दोन शब्द लिहून हे सारे सांगितल्यासारखे होत नाही. कोणत्या प्राण्याचे अथवा मानवी, भरल्यावर किती काळ तसेच राहणारे, आणि न भरल्यास काय होण्याचा संभव, एवढा मजकूर मराठीत, दात काढण्यापूर्वी, रुग्णाच्या हाती पडावयास हवा. भूल दिल्यानंतर खुर्चीत विचारलेल्या प्रश्नाला संमती म्हणता येत नाही.