‘१९६२ ला हवाई दल वापरलंच नाही’ : एका वाक्याची तपासणी

स्पर्धा परीक्षेच्या नोट्सपासून यूट्यूबपर्यंत एक वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल : चीनविरुद्धच्या १९६२ च्या युद्धात भारतानं हवाई दल वापरलं नाही. आज या वाक्याची चिकित्सा करू. विषय इतिहासाचा आहे, पण चूक अशी की विज्ञानाच्या प्रबंधातही तीच होते.

उदाहरणाला ४४ स्क्वाड्रन घेऊ. आपल्या वाशिमकरांना नागपूरचं सोनेगाव माहीत आहे. पुढच्या काळात इल्युशिन-७६ ही अवजड मालवाहू विमानं घेऊन ही तुकडी तिथं आली. तिची सुरुवात मात्र १९६१ ची, सोव्हिएत अँटोनोव्ह-१२ विमानांनी झालेली. ऑक्टोबर १९६२ च्या अखेरीस याच जातीच्या विमानांनी चंदीगडहून लडाखमधल्या चुशूलला २० लान्सर्सचे सहा एएमएक्स-१३ रणगाडे पोहोचवले.

हे काम केवढं, ते आकड्यांतच बघा. एक रणगाडा साधारण १५ टन, म्हणजे १५० क्विंटल सोयाबीन एका खेपेत. विमानाची कमाल क्षमता २० टन, म्हणजे कागदावर अडचण नाही. पण चुशूलची धावपट्टी १४ हजार फुटांहून उंच. तिथं हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. उद्धरण बल घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं. म्हणून तेवढंच वजन पेलायला वेग अंदाजे २४ टक्के जास्त लागतो, आणि थांबायला अंतर जवळपास दीडपट. वर इंजिनाची ताकदही घटते. रणगाडे तरीही उतरले. मग ‘हवाई दल वापरलं नाही’ हे वाक्य टिकतं का?

त्या वाक्याची बाजूही नीट मांडू. लढाऊ विमानांनी हल्ले केले नाहीत, हे खरं आहे. तो निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद आजही चालतो. दोष आहे तो व्याख्येत. वाक्य लिहिणाऱ्यानं ‘हवाई दल’ म्हणजे ‘बॉम्ब टाकणारं विमान’ असं न सांगताच धरून टाकलं. त्यामुळे रसद, जखमी, जवान वाहून नेणारी सगळी उड्डाणं हिशोबाबाहेर गेली.

याच व्याख्येचा परिणाम १९७१ मध्ये उलटा दिसतो. तेव्हा ४४ स्क्वाड्रनच्या मालवाहू विमानांतून बॉम्ब टाकले गेले; लाहोरजवळच्या छांगा मांगा जंगलातला दारूगोळ्याचा साठा हे त्यातलं गाजलेलं लक्ष्य. कमांडिंग ऑफिसर विंग कमांडर विद्या भूषण वशिष्ठ यांना महावीर चक्र मिळालं. पराक्रम मोठाच, त्याबद्दल दुमत नाही. पण गंमत बघा : या तुकडीनं दुसऱ्याचं काम केलं तेव्हा तिची गोष्ट रंगवून सांगितली गेली. तिचं रोजचं काम एका ओळीत आटोपलं जातं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ नका. ‘इतके टन उचलले’ म्हणजे यश, असंही नाही. १९६२ लाच पूर्वेकडे नामका चू भागात विमानांतून टाकलेला बराच माल दऱ्याखोऱ्यांत पडून वाया गेला. ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी ‘हिमालयन ब्लंडर’मध्ये त्याबद्दल लिहिलं आहे. म्हणजे मोजायचं ते जवानाच्या हातात किती पडलं. बाजार समितीत गाडीत भरलेलं वजन आणि काट्यावर उतरलेलं वजन वेगळं असू शकतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

म्हणून त्या वाक्याची दुरुस्ती अशी : १९६२ मध्ये हवाई दलाची लढाऊ विमानं हल्ल्यासाठी वापरली नाहीत, वाहतूक विमानं मात्र युद्धभर राबली. वाक्य लांबलं, पण तपासता येण्याजोगं झालं.

तुमच्या संशोधन आराखड्यात ‘वापर’, ‘परिणाम’, ‘सहभाग’ असे शब्द असतील तर गाईडकडे जाण्याआधी प्रत्येकासमोर लिहा : यात मी काय मोजतोय, आणि काय मोजायचं सोडतोय? दुसरा रकाना रिकामा राहिला, तर आराखडा अजून पाठवू नका.