लेप, पटल आणि तीन विशेषणे

अन्नरक्षणासाठी योजल्या जाणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांविषयीच्या मराठी लेखनात ‘आवरण’ हा एकच शब्द दोन भिन्न वस्तूंकरिता वापरलेला आढळतो. फळ द्रावणात बुडविले असता त्यावरच जो थर वाळतो, तो लेप होय; स्वतंत्रपणे तयार करून मग पदार्थाभोवती गुंडाळले जाते, ते पटल. लेपाची कसोटी फळाच्या श्वसनाशी निगडित आहे. तो फार दाट झाला तर पुरेसा प्राणवायू आत पोचत नाही व फळ आंबू लागते. पटलाला याखेरीज ताणही सोसावा लागतो. शब्द एकच ठेवला की या कसोट्यांची सरमिसळ होते.

याहून गंभीर दोष विशेषणांच्या योजनेत आहे. ‘नैसर्गिक’, ‘खाद्य’ आणि ‘जैवविघटनशील’ हे शब्द जणू परस्परांचे पर्याय मानले जातात. वस्तुतः पहिला उगम सांगतो, दुसरा सेवनयोग्यता आणि तिसरा शेवट. पॉलिलॅक्टिक आम्ल मक्याच्या शर्करेपासून तयार करता येते. तथापि त्याच्या शीघ्र विघटनास सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाची नियंत्रित खतभट्टी लागते. उकिरड्यावर ते दीर्घकाळ टिकून राहते. साधे सेलोफेन मातीत कुजते, म्हणून ते खाद्य ठरत नाही. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळते आणि लाख कीटकांपासून. दोन्ही नैसर्गिकच, परंतु शाकाहारी मनुष्याला जे जाणून घ्यावयाचे असते, ते या विशेषणाने झाकले जाते.

घरगुती बोलीत हा घोटाळा नाही. ‘डाळीला एरंडेल चोळले’ असे गृहिणी म्हणते. त्यात द्रव्याचे नाव येते, गुणगौरव येत नाही. भारतीय अन्नसुरक्षेच्या 2011 च्या विनियमांनीही मेणलेपित ताज्या फळांच्या वेष्टनावर मेणाचे नाव देण्याची अट घातली. बोली आणि कायदा यांनी जे पाळले, ते शास्त्रीय गद्याने सोडावे, हे विपरीतच म्हटले पाहिजे.

विशेषणे त्याज्य आहेत, असा याचा अर्थ नव्हे. द्रव्य कोणते, ते कशापासून काढले, खाल्ले तर चालते काय आणि कोणत्या परिस्थितीत कुजते, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्यानंतरच त्यांचा अधिकार सुरू होतो. तोपर्यंत ती परिभाषा नसून जाहिरातच होय.