आज्ञापत्र, कन्फ्यूशियस आणि आपले मत

हुबळी-धारवाड महानगरपालिकेची निवडणूक मार्च २०१३ मध्ये झाली आणि त्यानंतरची सप्टेंबर २०२१ मध्ये. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, असे संविधानाचा अनुच्छेद २४३-यू सांगतो; येथे दोन निवडणुकांमध्ये आठ वर्षे गेली. अखेरचा काही काळ तर नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. अशा वेळी आपल्या सुशिक्षित मंडळींत एक उद्गार हमखास ऐकू येतो: नगरसेवक नसले म्हणून काय बिघडले? अधिकारी लायक असला म्हणजे पुरे. आमचे आयुष्य राज्य सरकारच्या सेवेत गेले असल्याने हा उद्गार आम्हांस सुखावणारा आहे. जे सुखावते ते अधिक काटेकोरपणे तपासावे, या हेतूने हे लिहीत आहोत.

या विचाराचे सर्वांत जुने आणि प्रतिष्ठित घराणे चीनमधले आहे. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१–४७९) याच्या मते राज्य चालते ते शिक्षेच्या भयाने नव्हे, राज्यकर्त्याच्या शीलाने. त्याच्या परंपरेतील मेन्शियस याने तर प्रजा सर्वांत मोठी, त्यानंतर भूमी-धान्याच्या देवता आणि राजा सर्वांत हलका, अशी प्रतवारी लावली. पुढे परीक्षा घेऊन अधिकारी निवडण्याची पद्धत त्या देशात शतकानुशतके चालली आणि १९०५ साली बंद झाली. अलीकडे डॅनियल बेल यांनी ‘द चायना मॉडेल’ (२०१५) या ग्रंथात हाच धागा पुढे नेला आहे. गावपातळीवर निवडणूक असावी, परंतु देशाचे सर्वोच्च नेते गुणवत्ता व अनुभव पारखून निवडावेत, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे.

मराठीत या विचाराला तोलाचा ग्रंथ शोधू गेल्यास रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’पाशीच यावे लागते. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतले हे अमात्य. राजाराम महाराज जिंजीस गेले तेव्हा ‘हुकूमतपनाह’ हा किताब घेऊन मागचे राज्य सांभाळणारे तेच. करवीरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १७१५ च्या सुमारास, त्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला. राजाची कर्तव्ये, सावकार, वतनदार, दुर्ग, आरमार अशा विषयांवर आयुष्यभर कारभार केलेल्या माणसाने केलेले हे लेखन आहे. त्यात पोकळ उपदेश नाही. दफ्तराचा आणि घोड्यावरच्या रपेटीचा अनुभव त्यात उतरला आहे.

त्यातील आरमाराच्या प्रकरणातला झाडांचा मजकूर सर्वपरिचित आहे. जहाजांस लाकूड लागते, आंबा व फणस ही लाकडेही कामाची आहेत. परंतु रयतेची ही झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे; जुलूम करू नये. कन्फ्यूशियसला हवा असलेला राज्यकर्ता हाच. आज रस्तारुंदीसाठी भूसंपादन करणाऱ्या कोणत्याही कार्यालयाने हा मजकूर भिंतीवर लावावा इतका तो ताजा आहे.

तरीही ग्रंथाचे मूल्यमापन येथेच थांबविणे योग्य होणार नाही. जीर्ण झाडासाठी धन्याची संमती घ्यावी असे सांगणारे पंत सारा किती असावा, अंमलदार कोण असावा, राजा कोण असावा, यासाठी त्याच धन्याची संमती विचारात घेत नाहीत. संपूर्ण ग्रंथात रयत आहे ती जपावयाची वस्तू म्हणून. तिच्याविषयी बोलले जाते. ती स्वतः बोलत नाही. वतनदारांवर अंकुश कसा ठेवावा हे पंत मार्मिकपणे सांगतात, परंतु अंकुश धरणाऱ्यावर अंकुश कोणाचा, तर धर्माचा आणि त्याच्या विवेकाचा. मेन्शियसचीही अडचण हीच आहे. दुष्ट राजाला मारणे म्हणजे राजहत्या नव्हे, इतके तो निर्भयपणे म्हणतो. परंतु मध्यम प्रतीचा, आळशी, ऐकून न घेणारा राजा रक्तपातावाचून दर पाच वर्षांनी कसा बदलावा, याचा मार्ग त्याच्यापाशी नाही. आणि व्यवहारात गाठ पडते ती बहुधा या मध्यम प्रतीच्या राज्यकर्त्याशीच.

याचा दाखला आपल्या गावातच आहे. सावकार म्हणजे राज्याचे भूषण, पेठा वसवाव्यात, व्यापाऱ्यांस तोशीस लागू देऊ नये, असे ‘आज्ञापत्र’ सांगते. १६७३ साली मराठी फौजेने हुबळीची संपन्न पेठ लुटली, तेव्हा ही पेठ आदिलशाहीत होती. म्हणून येथील सावकार त्या भूषणात मोडत नव्हते. इंग्रजांची वखारही लुटली गेली. कंपनीने पुढे वर्षानुवर्षे भरपाईचा पाठपुरावा केला. पेठेतल्या साध्या दुकानदारासाठी असा पाठपुरावा कोण करणार? मराठी अभिमान बाळगूनही या गावात राहणाऱ्या आपण हा प्रश्न टाळू नये. राज्यकर्त्याचे शील कितीही थोर असले तरी त्याची कृपा ‘आपल्या’ माणसाच्या हद्दीपाशी थांबते. हक्काला ती हद्द नसते. कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी कुटुंबांना, भाषेने अल्पसंख्य असूनही, येथे मान ताठ ठेवता येते ती कोणा अधिकाऱ्याच्या मेहेरबानीने नव्हे. ती संविधानाने आणि मताच्या समान किमतीने.

मग शीलाची परंपरा टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली घटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपविला. आज विजयपूर जिल्ह्यात असलेला गुणदाळ हा भागही त्या संस्थानातलाच. येथे राजाचे शील राजाच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही, त्याचे पद्धतीत रूपांतर झाले. तैवाननेही परीक्षा घेणारी स्वतंत्र घटनात्मक संस्था ठेवली आणि १९९६ पासून राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मताने निवडला. अधिकारी परीक्षेने निवडावा, त्याचा धनी मताने: ही विभागणी आपल्या संविधानातही आहे आणि तीच बरोबर आहे.

नगरसेवक अडाणी असतो, टक्केवारी मागतो, ही तक्रार खोटी नाही. परंतु गटार तुंबले म्हणून त्याच्या दारात जाऊन आवाज चढविता येतो, आणि मुदत संपली की त्याला घरी बसविता येते. प्रशासकाची बदली वरून होते; खालून होत नाही. ‘आज्ञापत्र’ प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावे, नगरसेवकाने तर अवश्य वाचावे. मात्र नागरिकाने ते वाचताना झाडाच्या धन्याच्या जागी उभे राहून वाचावे. आपली संमती केवळ झाडापुरती नाही, एवढे त्याने विसरू नये. आणि महानगरपालिकेची पुढची निवडणूक लांबू लागली, तर ती का लांबली हे विचारणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही असावीत.