कादंबरीमाला कशाच्या बळावर चालते?

ऐतिहासिक कादंबऱ्यांची माला मराठीला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांनी शिवकालावर ‘उषःकाल’, ‘सूर्योदय’, ‘गड आला पण सिंह गेला’ आणि अपूर्ण राहिलेली ‘सूर्यग्रहण’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. त्यानंतर नाथमाधवांची स्वराज्यमाला आली आणि पुढे वि. वा. हडपांची कादंबरीमय पेशवाई. एक कादंबरी हातावेगळी झाल्यावर त्याच काळावर दुसरी, तिसरी लिहिण्याची ऊर्मी लेखकाला कुठून मिळते, आणि ती आटते तेव्हा कशामुळे आटते, हा प्रश्न मात्र आपल्या समीक्षेत क्वचितच विचारला जातो. इतिहासाचा अभिमान आणि साधनांची विपुलता, हे त्याचे ठरलेले उत्तर. मला ते अपुरे वाटते.

हरिभाऊंच्या बाबतीत आणखी एक कारण सांगितले जाते. १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकाला दर आठवड्याला मजकूर लागे. त्या निकडीने लेखणी चालती ठेवली हे खरे. पण निकड पाने भरून घेते, त्यांत जीव ओतत नाही. ‘उषःकाल’मधील जीव वेगळ्याच ठिकाणी आहे. तेथे शिवाजी महाराजांचे तेज बहुधा दुरून येते. कथेचा गाभा आहे सुलतानगडाचे किल्लेदार रंगराव अप्पा आणि त्यांचे चिरंजीव नानासाहेब यांच्यातील तेढ. बाप विजापूरच्या अन्नाला जागणारा, मुलगा स्वराज्याकडे ओढला जाणारा. दोघेही प्रामाणिक. हरिभाऊ बापाला खलपुरुष करीत नाहीत, म्हणून वाचकालाही सहजासहजी बाजू घेता येत नाही.

पुढे ‘वज्राघात’मध्ये त्यांनी शिवकाल सोडला आणि १५६५ मधील विजयनगरच्या पाडावाचा विषय घेतला. राज्य वेगळे, शतक वेगळे. पण रामराजा, मेहेरजान आणि त्यांचा पुत्र रणमस्तखान यांच्या कथेत पुन्हा बाप आणि मुलगाच समोरासमोर उभे ठाकतात, या वेळी भयंकर रीतीने. यावरून मला असे वाटते की, हरिभाऊंना पुनःपुन्हा इतिहासाकडे नेणारी गोष्ट म्हणजे निष्ठा कोणाशी ठेवावी हा त्यांच्या मनात कधीच न मिटलेला प्रश्न. विषय बदलला तरी तो प्रश्न ताजा राहिला.

नाथमाधवांकडे (१८८२–१९२८) वळताना लेखणी थोडी जपून चालवावी लागते. सिंहगडाच्या कड्यावरून पडून या माणसाचे कमरेखालचे अंग लुळे झाले आणि अंथरुणाला खिळल्यावर तो लेखक झाला. ज्या गडाने पाय नेले, त्याच गडाच्या काळावर त्याने सात कादंबऱ्या रचल्या. ही जिद्द वंदनीयच आहे. परंतु ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्थापना’, ‘कारभार’, ‘संकट’, ‘परिवर्तन’ ही शीर्षके ओळीने वाचली की सरकारी अहवालाची अनुक्रमणिका वाचल्यासारखे वाटते. हयात कचेरीत घालवलेल्या माझ्यासारख्याला तो वास चटकन येतो. येथे पुढचे पुस्तक मागच्या पुस्तकातील प्रश्नातून उगवत नाही. ते घटनाक्रमातून येते. घटना वाचकाला आधीच ठाऊक, म्हणून उत्कंठेसाठी रहस्य आणि योगायोग यांची भर घालावी लागते. सातही भाग मी आवडीने वाचले. स्मरणात मात्र पहिलेच अधिक राहिले.

आता आपल्या निजामी मुलखातले एक उदाहरण घेऊ. कर्नल मेडोज टेलर निजामाच्या सेवेत होता. नळदुर्गचा कारभार त्याने पाहिला. ‘तारा’ (१८६३), ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) या त्याच्या इंग्रजी कादंबऱ्या अनुक्रमे १६५७, १७५७ आणि १८५७ या वर्षांभोवती फिरतात. दर खेपेस शंभर वर्षांची उडी, नवी माणसे, नवा संसार. त्याच्या राज्यकर्त्या दृष्टीविषयी आपले मतभेद असणारच. तरीही ‘तारा’मधील तुळजापूर वाचताना जाणवते की, हा माणूस त्या भूमीवरून हिंडलेला आहे. मालेतला प्रत्येक भाग नव्याने सुरू करण्याची मोकळीक त्याने स्वतःला दिली, हे शिकण्यासारखे आहे.

हे सारे लिहिण्याचे कारण घरचेच आहे. माझे आजोबा निजामाच्या दप्तरात होते. १९४७–४८ मध्ये वडील पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले. पुढे दोघे एका पंगतीला बसले, पण त्या वर्षाविषयी घरात कोणी बोलले नाही. ‘उषःकाल’ मी प्रथम वाचली तेव्हा रंगराव अप्पांचा चेहरा मला आजोबांचा दिसला. आपल्यातील अनेक घरांत असे मौन असेल.

या भागात विषयांची वाण नाही. रामजी गोंडांना निर्मलला १८६० मध्ये फाशी झाली, कुमरम भीम जोडेघाटला १९४० मध्ये पडले. साहू आणि अल्लम राजय्या यांनी भीमांवर तेलुगूत कादंबरी लिहिली. आपण काय लिहिले? १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. भावकीच्या मधून राज्याची सीमा गेली. १८६०, १९४०, १९४८, १९५६: एकच घर घेऊन या चार वर्षांत शिरावे, आणि दर वेळी ‘निष्ठा कोणाशी?’ एवढेच विचारावे. आपल्या मंडळातील कोणा तरुणाने हे मनावर घ्यावे. जुनी माणसे बोलती करायला आता फार वेळ उरलेला नाही.