कृपया प्रसिद्धीसाठी

वाङ्मयप्रकारांची मोजदाद करताना आमच्या टीकाकारांनी प्रवासवर्णन सोडले नाही, पत्रवाङ्मय सोडले नाही, दैनंदिनीचीही दखल घेतली. पण रोज ढिगांनी लिहिले जाणारे आणि चहाच्या कपाबरोबर घरोघर वाचले जाणारे जे गद्य, त्या प्रसिद्धिपत्रकाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलेले नाही. याला कारणही आहे. आपण पत्रक वाचतो आहोत हे वाचणाऱ्याला ठाऊकच नसते. त्याला वाटते, आपण बातमी वाचतो आहोत. लिहिणाऱ्याचे नाव कोठे नाही, मानधनाचा तर प्रश्नच नाही, आणि दुसऱ्याने आपले म्हणून छापले की लेखनाचे सार्थक! असा निःसंग वाङ्मयप्रकार दुसरा कोणता आहे?

या गद्याची परीक्षा विद्वानांच्या परिसंवादात होत नाही, उपसंपादकाच्या टेबलावर होते. त्याच्याजवळ जागा थोडी असते आणि वेळ त्याहून थोडा. जागा भरली की तो मजकूर शेवटाकडून कापत वर येतो. म्हणून सांगायचे ते आधी सांगावे, ही या कलेची पहिली अट. आम्हा कादंबरीकारांना हे उफराटे वाटते. आम्ही नायिकेचे रहस्य शेवटच्या प्रकरणापर्यंत पदराआड ठेवतो. त्यातून मराठी वाक्याचा स्वभाव असा की क्रियापद शेवटी. अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष आणि त्यांच्या पदव्या अशी वरात पुढे चालते आणि नवरदेव शेवटी येतो तो 'संपन्न झाला' म्हणून. तोवर उपसंपादकाने पान उलटलेले असते. पहिले वाक्य आखूड ठेवा, एवढे एक जरी आमच्या संस्थांच्या चिटणिसांनी ऐकले तरी पुष्कळ होईल.

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचे पत्रक मला दाखविण्यात आले होते. शाळेचे नाव सांगत नाही. पहिल्या परिच्छेदात मान्यवर, दुसऱ्यात त्यांचे 'मोलाचे मार्गदर्शन', तिसऱ्यात सूत्रसंचालन आणि आभार. अगदी तळाशी एक ओळ होती : आठवीच्या मुलींनी गावातील अकरा विहिरींच्या पाण्यातील क्षार मोजले; चार विहिरींत ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर निघाले. अहो, ही बातमी! ती तळाशी, म्हणजे कात्रीच्या अगदी तोंडात. मी पत्रक उलटे केले. विहिरी वर, मान्यवर खाली. परिणाम असा झाला की तालुक्याच्या वार्ताहराचा खरोखरच दूरध्वनी आला. त्याने विचारले, "चार विहिरी कोणत्या?" त्यांपैकी एक विहीर व्यवस्थापक मंडळातील एका गृहस्थांची होती. "पत्रकात आहे तेवढेच छापा," असे उत्तर त्याला मिळाले. त्याने तेवढेही छापले नाही, आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. मुली मात्र आठ दिवस वर्तमानपत्र चाळत होत्या.

पत्रकाने बातमी मिळते ती कशी, आणि पत्रक लिहिणाराचे इमान कोठे लागते, हे दोन्ही एकाच माणसाच्या चरित्रात पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील आयव्ही ली याच्याकडे जावे लागते. हा मूळचा न्यूयॉर्कचा वार्ताहर. १९०६ च्या ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वेचे डबे पाण्यात कोसळले आणि पन्नासाहून अधिक माणसे मेली. अपघात झाकून ठेवावा अशी त्या काळच्या रेल्वे कंपन्यांची रीत होती. लीने उलट केले. घडले ते लिहून वर्तमानपत्रांकडे पाठविले आणि वार्ताहरांना जागेवर नेण्याची व्यवस्था केली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याचे निवेदन जसेच्या तसे छापले. त्याच वर्षी त्याने संपादकांना एक जाहीरनामा धाडला होता. आमचे काम उघड चालते. मजकूर जाहिरातीचा वाटला तर छापू नका. अधिक माहिती लागली तर देऊ आणि पडताळून पाहायला मदत करू, असा त्याचा आशय. माझ्या मते पत्रकलेखनावर यापेक्षा शहाणे काही लिहिले गेलेले नाही. 'मदत करू' हे शब्द त्यात आहेत म्हणून. वर सांगितलेल्या शाळेने तेच तर नाकारले.

आता कोणी म्हणेल, थोडे फुगवून लिहिल्याशिवाय कोण छापतो? हा समज आमच्याकडे फार रुजलेला. प्रत्येक कादंबरी 'मराठी साहित्यात मोलाची भर' घालते ती या समजापोटीच. (माझ्याही दोन कादंबऱ्यांनी घातली आहे, साहित्य कोठे फुगलेले दिसले नाही.) पण याची तपासणी झालेली आहे. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक संशोधन आले. ब्रिटनमधील २० विद्यापीठांनी २०११ साली काढलेली आरोग्यविषयक ४६२ पत्रके घेऊन ती मूळ शोधनिबंधांशी आणि नंतरच्या बातम्यांशी ताडून पाहिली होती. प्राण्यांवरील प्रयोग माणसांना लागू करून अतिशयोक्ती करणारी पत्रके ३६ टक्के निघाली. अशा फुगवलेल्या पत्रकांवरच्या ८६ टक्के बातम्या तितक्याच फुगलेल्या होत्या; पत्रक सरळ असले की हे प्रमाण १० टक्क्यांवर येई. वार्ताहरच मसाला घालतात म्हणून जी ओरड असते तिचे बिऱ्हाड पुष्कळदा पत्रक लिहिणाराच्या घरीच सापडते. आणि गंमत अशी की फुगवल्यामुळे बातम्या अधिक छापल्या गेल्या, असा पुरावा संशोधकांना मिळाला नाही. खोटे फुकट गेले म्हणावयाचे.

आता तर पत्रक ई-मेलने आणि व्हॉट्सॲपवर येते. जुळाऱ्याचे कष्टही उरले नाहीत. उचलले की पानात. एके काळी शब्द परत जुळवताना कोणाच्या तरी मनात शंका येण्याची जी शक्यता होती तीही गेली. त्यामुळे लिहिणाराने स्वतःच शंका काढण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

लीने ती काढली नाही. १९१४ च्या एप्रिलात कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू जाळले गेले. एका तंबूखालच्या खड्ड्यात आश्रय घेतलेली अकरा मुले आणि दोन स्त्रिया तेथेच मेल्या. त्यानंतर रॉकफेलर घराण्याने लीला बोलाविले आणि खाणमालकांच्या बाजूची पत्रके देशभर जाऊ लागली. लेखन नेटके, मजकूर आटोपशीर, कलेच्या दृष्टीने नाव ठेवायला जागा नाही. परंतु संघटनेच्या पुढाऱ्यांना वर्षभरात मिळालेले पैसे नऊ आठवड्यांत मिळाल्याचे त्यांत छापले होते. १९१५ साली चौकशी आयोगाने त्याला विचारले की ही माहिती खरी की खोटी हे तू कसे पाहिलेस. त्याने सांगितले की पाहिले नाही. मालकांनी जी दिली ती घेतली.