कातरलेली प्रतिमा : कडेच्या वाचनाची दिशा

छायाचित्रातील एखादी व्यक्ती किंवा वस्तू तिच्या पार्श्वभूमीपासून वेगळी काढून अन्यत्र बसवणे ही क्रिया आता इतकी सार्वत्रिक झाली आहे की तिच्याकडे केवळ तंत्र म्हणून पाहिले जाते, अर्थनिर्मितीची कृती म्हणून नव्हे. जेथे तिचा विचार होतो तेथेही तो बहुधा सत्य-असत्याच्या द्वंद्वातच अडकतो : मूळ छायाचित्र खरे, कातरलेले कृतक. प्रस्तुत लेखात या द्वंद्वाविषयीच शंका उपस्थित करावयाची आहे. कातरण्याने नेमके काय नष्ट होते आणि काय उरते, हा प्रश्न मालवण किनाऱ्यावरील काही प्रतिमांच्या आधारे तपासता येईल.

ही क्रिया संगणकाने जन्माला घातलेली नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र सिद्ध केले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून मरणासन्न तरुणीचे दृश्य रचले. आपल्याकडील स्टुडिओंतही कात्री, ब्लेड, डिंक आणि रिटचिंगचा कुंचला यांच्या साहाय्याने चेहरे एका चित्रातून दुसऱ्यात नेले जात. १९९० साली ‘फोटोशॉप’ बाजारात आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेयर’ची सोय झाली, तेव्हा कातरलेला तुकडा नव्या चित्रात कायमचा चिकटून न राहता स्वतंत्र थरावर हलता राहू लागला. या प्रणालीच्या प्रारंभीच्या प्रात्यक्षिकांत जॉन नोल जे छायाचित्र वापरीत, ते त्यांनी १९८७ मध्ये बोराबोरा बेटावर टिपलेले, समुद्रकिनारी पाठमोऱ्या बसलेल्या स्त्रीचे होते. तिची दुसरी प्रत काढून ते ती शेजारी बसवून दाखवीत. किनारा तोच, व्यक्ती मात्र सुटी आणि पुनरावर्तनीय : या तंत्रामागील गृहीतक त्या पहिल्या उदाहरणातच स्पष्ट होते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. येथील अनेक घरांत भिंतीवर हार घातलेली जी तसबीर दिसते, ती मुळात तसबिरीसाठी काढलेली नसते. जुन्या पिढीतील, विशेषतः मच्छीमार आणि शेतकरी घरांतील स्त्रियांना, एकट्याने छायाचित्र काढून घेण्याचा प्रसंग क्वचितच येई. मृत्यूनंतर शोधाशोध होते ती मुलाच्या लग्नातील वा एखाद्या बारशातील समूहचित्राची. त्यातून आजीचा चेहरा कातरला जातो, मागे निळसर रंगाचा पडदा येतो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द. येथे कातरणे ही फसवणूक आहे असे कोण म्हणेल? जिला आयुष्यभर समूहाच्या कडेला उभे राहावे लागले, तिला एकटीची चौकट प्रथमच मिळते. आणि ती मिळण्यासाठी तिला समूहातून तोडावे लागते. या विरोधाभासातच या प्रतिमेचा खरा आशय आहे.

रोलाँ बार्थ यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रविषयक ग्रंथात ‘हे होते’ ही छायाचित्राची मूलभूत साक्ष मानली. या साक्षीचे तीन पदर वेगळे करता येतील असे वाटते : ती होती, ती तेथे होती, ती यांच्यासह होती. कातरण्याची क्रिया पहिला पदर अबाधित ठेवते, दुसरा काढून टाकते आणि तिसरा दडवते. बार्थ यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी असलेले त्यांच्या आईचे बालपणीचे छायाचित्रही एकटीचे नाही. पाच वर्षांच्या त्या मुलीशेजारी तिचा भाऊ उभा आहे. बार्थ आपली सारी नजर आईवर एकवटतात, परंतु भावाला वर्णनातून वगळत नाहीत. आणि ते छायाचित्र ते ग्रंथात छापतही नाहीत. त्यांची नजर निवड करते, छेद करीत नाही. आपल्याकडे नजरेचे हे काम कात्रीवर सोपवले जाते, इतकाच भेद.

तथापि, तिसरा पदर ‘दडतो’ असे म्हटले, ‘नष्ट होतो’ असे नव्हे. हे स्पष्ट करण्यासाठी रापणीचे उदाहरण घेता येईल. रापण ओढणाऱ्या माणसांच्या छायाचित्रातून एकालाच कातरून काढले, दोर आणि इतर माणसे वगळली, तर मागे रेललेला, टाचा वाळूत रोवलेला एक देह उरतो. तो कशाच्याही आधाराविना रेललेला दिसतो, आणि म्हणूनच पाहणाऱ्याला दोर शोधावासा वाटतो. देहाच्या ठेवणीत नाते साठलेले असते. तसबिरीतील आजीची मान किंचित डावीकडे झुकलेली असते, कारण तेथे कोणीतरी उभे होते. खांद्याच्या कडेला परक्या बोटांचा अवशेष राहतो, कारण कोणाचा तरी हात तेथे विसावला होता. कातरलेल्या प्रतिमेचे वाचन म्हणजे या कडेचे वाचन होय. कारागिराची चूक समजून आपण जिच्याकडे दुर्लक्ष करतो, ती ओबडधोबड रेषाच मूळ संहितेचा शेवटचा दुवा असते.

याच्या उलट प्रकार सार्वजनिक फलकांवर दिसतो. गणेशोत्सवात चाकरमान्यांचे स्वागत करणाऱ्या फलकांवर कातरलेले चेहरे आकाराच्या उतरंडीने मांडलेले असतात. कोण मोठा आणि कोण लहान हे दृष्टिक्षेपाच्या नियमाने नव्हे, तर प्रतिष्ठेने ठरते. मागे सिंधुदुर्ग किल्ला आणि पुढे शिवाजी महाराजांची दाढी असलेली, परिचित प्रतिमा, अशी रचनाही रूढ आहे. परंतु १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याची उभारणी सुरू झाली, त्या किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिरात महाराजांची दाढीविरहित, वीरासनातील मूर्ती आहे. अन्यत्रची प्रतिमा किल्ल्यासमोर आणून ठेवताना किल्ल्याची स्वतःची प्रतिमा झाकली जाते. येथे कातरण्यापेक्षा चिकटवणे अधिक निर्णायक ठरते : पार्श्वभूमी स्थळ न राहता केवळ खूण होते.

पार्श्वभूमीचा अभाव हा स्वतः दोष नव्हे. दशावतारी रंगभूमीवर एका बाकड्यापलीकडे नेपथ्य जवळजवळ नसते. परंतु नट आपल्या उत्स्फूर्त संवादांतून राजसभा वा अरण्य उभे करतो. तेथे पात्र अवकाश निर्माण करते. फलकावरील चेहऱ्याला हे सामर्थ्य नसल्यामुळेच त्याला उसना समुद्र लागतो.

या भेदाचे महत्त्व आज अधिक वाढले आहे. २०२३ पासून चित्राचा रिकामा भाग कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण करून भरण्याची सोय फोटोशॉपमध्येच आली. परक्या हाताने झाकलेला खांदा आता पूर्ण करता येतो, झुकलेली मान सरळ करता येते, रेललेल्या देहाला ताठ उभे करता येते. परिणामी प्रतिमा निर्दोष होते आणि मूक होते. आता केवळ तिसरा नव्हे, पहिला पदरही ढळतो. कारण जो खांदा कोणत्याही भिंगाने कधी टिपला नाही, त्याविषयी ‘हा होता’ असे म्हणता येत नाही.

म्हणून समीक्षेने सीमारेषा आखावयाची ती कातरलेल्या आणि न कातरलेल्या प्रतिमांत नव्हे, तर जी आपली कड दाखवते आणि जी ती बुजवते, यांच्यात. ज्या समाजगटांचा लिखित इतिहास तुटपुंजा आहे, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. भिंतीवरच्या त्या एका चेहऱ्याच्या कडेला उरलेली दोन बोटे हाच कित्येकदा एका कुटुंबाचा उपलब्ध दस्तऐवज असतो. ती बोटे पुसून चित्र ‘स्वच्छ’ करून देण्यापूर्वी, ती कोणाची होती हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून तसबिरीच्या मागे लिहून ठेवणे, हेही समीक्षेचेच काम आहे.